पाच आंघोळींची एकादशी

या, जवळ येऊन बसा. गार आहे, शाल अंगावर घ्या. आज एकादशीची गोष्ट सांगायची आहे, पण ही पोथीतली नव्हे. हिच्यात राजा नाही, ऋषी नाही, शाप नाही. एक दमलेला माणूस आहे, एक कॉम्प्युटर आहे आणि बादल्या भरभरून पाणी आहे. देवही आहे. तो कुठे उभा होता एवढं मात्र ध्यानात असू द्या.

इंदुरात लालबागेच्या मागच्या अंगाला अच्युतराव राहतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या सांभाळण्यात चौतीस वर्षं गेली, आता सत्तरी जवळ आली आहे. व्यसन एकच, कीर्तन. तेही एकाच माणसाचं, लक्ष्मीकांतबुवांचं. चाळीस वर्षं अच्युतराव त्यांच्यासमोर पहिल्या रांगेत बसले. बुवांनी पद उचललं की यांनी डोळे मिटायचे आणि मान हलवायची, असा तो रिवाज होता. पहिल्या रांगेतले बाकीचे एकेक करून कायमचे उठून गेले. अच्युतराव उरले.

बुवा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी ओसरीवर पाय घसरून पडले, तेव्हापासून गौतमपुऱ्याला मुलाकडे असतात. पडल्यापासून त्यांनी एक ओळ गायली नव्हती. सूनबाईंनी, म्हणजे सुनीताने, नाना प्रकारे विनवलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "समोर अच्युत बसलेला दिसला तर गाईन. त्याची मान हलली की मला पुढचं सुचतं. भिंतीला काय गाऊन दाखवू?"

अच्युतरावांना पन्नास किलोमीटरचा प्रवास गुडघ्यांमुळे जमण्यासारखा नव्हता. म्हणून सुनीताने कॉम्प्युटरवरून गाठ घालून द्यायचं ठरवलं. मागच्या एकादशीला बुवा पगडी घालून, उपरणं घेऊन तासभर पडद्यासमोर बसले आणि नेमकं इकडचं नेट गेलं. बुवांनी आपल्या हातांनी पगडी उतरवली आणि सुनीताला म्हणाले, "अजून एकदा बसतो. नाही जमलं तर या चिपळ्या देऊन टाक कोणाला."

ती अजून एकदाची एकादशी आज होती. वेळ पाचची.

चार वाजता अच्युतराव कॉम्प्युटरसमोर बसले आणि पडद्याच्या कोपऱ्यात वायफायच्या खुणेवर फुली आली.

"गेलं," ते म्हणाले. नुसतं 'गेलं' म्हणायलाही त्यांना श्रम पडले.

स्वयंपाकघरातून यशोधराबाईंचा आवाज आला, "तुमचा तो डब्बा परत बंद पडला का? मी तर आधीच बोलली होती, आज एकादशी आहे, फालतूची झंझट नको."

तो डब्बा, म्हणजे राउटर, देवघरात होता. त्याला कारण असं की घरात तारेसाठी भोक एकाच भिंतीला होतं आणि ती भिंत देव्हाऱ्यामागची निघाली. बसवायला आलेल्या बंटीने देवांच्या मागे फळीवर तो ठेवून दिला. यशोधराबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि नियम सांगितला, "आता हा देव्हाऱ्यात आला. याला हात लावायचा तर सोवळ्यात." बंटी हसला होता. अच्युतराव हसले नव्हते, कारण पस्तीस वर्षांचा संसार त्यांचा होता, बंटीचा नव्हता.

बायकोचा मोठा फोन सकाळीच बादलीत पडून आता तांदळाच्या डब्यात वाळत होता. तेव्हा अच्युतरावांनी आपला बटणांचा फोन काढला आणि कंपनीला लावला. बरंच संगीत ऐकून झाल्यावर एक मुलगी बोलली.

"नमस्कार, मैं पूर्वा. बताइए सर, क्या समस्या है?"

"नेट नहीं चल रहा. और पाँच बजे कीर्तन है."

"जी? क्या है?"

"कीर्तन."

मुलीने नाव विचारलं, पत्ता विचारला आणि एकदम उजळल्या आवाजात म्हणाली, "अय्या, काका, तुम्ही मराठी? मी साताऱ्याची. इथे इंदुरातच भंवरकुआंला खोली घेऊन राहते. तीन महिन्यांत मराठी कॉल पहिलाच आलाय! घाबरू नका हं. राउटर बंद करायचा, तीस सेकंद थांबायचं आणि परत चालू करायचा."

"वेळ लागेल पोरी."

"तीस सेकंद फक्त, काका."

"आधी आंघोळ करावी लागेल."

 मग पूर्वा म्हणाली, "काका, आवाज तुटतोय बहुतेक. आंघोळ म्हणालात का?"

"हाव. आंघोळच."

सकाळची आंघोळ झालेली होती, पण मग अच्युतराव दूध आणायला गेले होते आणि नंतर कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसले होते. ती खुर्ची जावयाने दिलेली, अस्सल चामड्याची. तिच्यावर बसलेला माणूस यशोधराबाईंच्या हिशेबी देव्हाऱ्यापासून चार हात लांब.

"तू कर ना गं बंद," अच्युतराव मोरीच्या दारातून म्हणाले. "तू तर सोवळ्यात आहेस."

"मी देवाला हात लावते, विजेला नाही. मागच्या वेळी कसा झटका बसला होता, विसरले?"

दुसरी आंघोळ पार पडली. पौषाची थंडी होती, पण गिझरमध्ये पाणी होतं. रेशमी मुकटा नेसून अच्युतराव देवघरात गेले. एरवी देव लहान आहेत, त्यांच्या डोक्यावरून राउटरचे दिवे दिसतात. पण एकादशीला यशोधराबाई देवांच्या मागे माहेरची पितळी प्रभावळ मांडतात. दीड हात उंच, भरीव, चिंच लावून घासलेली, तिच्यात तोंड पाहून भांग पाडावा अशी. राउटर तिच्या पार आड गेला होता. अच्युतरावांनी ती जरा बाजूला सरकवली, हात घालून बटण दाबलं, तीस मोजले, परत दाबलं. बाहेर येऊन पाहतात तो फुली गेलेली.

"आलं!" ते ओरडले.

"आलं नं? मग कशाला टेन्शन घेऊन राहिले होते," यशोधराबाई म्हणाल्या आणि देवाला फूल वाहायला आत गेल्या. प्रभावळ वाकडी दिसली, ती त्यांनी सरळ केली.

पाच मिनिटांनी फुली परत आली.

"काका, पूर्वाच बोलतेय. झाली आंघोळ?"

"झाली. आलं होतं. गेलं."

"परत एकदा रीस्टार्ट करू या. तुम्ही अजून सोवळ्यातच असाल ना?"

मुलगी शहाणी होती, विषय तिने पटकन धरला होता. अच्युतराव मुकट्यातच होते. या वेळी ते खुर्चीत बसलेही नव्हते, उभ्याउभ्यानेच कॉम्प्युटर पाहिला होता. आशेने त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"माउसला हात लावला नं?" यशोधराबाईंनी विचारलं. "त्याला कोण कोण हात लावतं. मागच्या महिन्यात बंटी खात खात लावून गेला."

"काय खात होता?"

"मी काय विचारत बसू? एकादशीच्या दिवशी नाव कशाला काढता?"

तिसऱ्या आंघोळीत गिझरचं गरम पाणी संपलं. मोरीतून अच्युतरावांचा नामघोष ऐकू आला, तो भक्तीपेक्षा थंडीचा जास्त होता. प्रभावळ सरकली, बटण दाबलं गेलं, नेट आलं. पुसत पुसत अच्युतराव बाहेर आले. यशोधराबाई आत गेल्या. "देव काय असा तिरपा उभा करतात का," असं म्हणत त्यांनी प्रभावळ सरळ केली आणि पुन्हा खिचडीकडे वळल्या.

पुन्हा फुली.

"काका," पूर्वा आता अगदी घरच्यासारखी बोलत होती, "इथे मला कॉल कशात गेला ते लिहावं लागतं. दोन्हीदा 'ग्राहक स्नानास गेले आहेत' असं लिहिलंय. माझे साहेब येऊन वाचून गेले. मला एक सांगा, राउटरच्या समोर काही लोखंडाचं, पितळेचं, असं मोठं धातूचं काही आहे का? त्यानं सिग्नल अडतो."

"छे छे," अच्युतराव म्हणाले. त्यांनी मनोमन फळी आठवून पाहिली. "तसं सामान काही नाही. देव आहे फक्त."

"बरं. देवाची काही हरकत नाही," पूर्वा म्हणाली. "मग माणूस पाठवते. तोपर्यंत एकदा रीस्टार्ट करून बघा."

पाचला पाच मिनिटं होती. चौथी आंघोळ नळाच्या पाण्याने झाली. अच्युतरावांना आता थंडी वाजत नव्हती. ते थंडीच्या पलीकडे गेले होते. पोटात एकादशी, अंगावर ओला मुकटा, डोक्यावरून निथळणारं पाणी. आपण हे सगळं कशासाठी करतोय तेवढंच त्यांना आठवत होतं. गौतमपुऱ्यात एक म्हातारा पगडी घालून बसला असेल.

प्रभावळ सरकवली, बटण दाबलं. डोकं पुसायला वेळ नव्हता. ते तसेच येऊन चामड्याच्या खुर्चीत बसले आणि पडद्यावर लक्ष्मीकांतबुवा उभे राहिले. खरोखर उभे, काठीच्या आधाराने. गळ्यात हार होता, हातात चिपळ्या होत्या. मागे सुनीता पेटी घेऊन बसली होती. तिने समोर तिवईवर आपला फोन लावून ठेवला होता, बुवांचं गाणं साठवून घ्यायला.

"दिसतोस रे!" बुवा म्हणाले. "जवळ ये जरा. हां. आता बरं."

"म्हणा बुवा," अच्युतराव म्हणाले. 

बुवांनी नमनाची ओळ उचलली. पहिला सूर फाटला. दुसराही. तिसरा मात्र लागला, जुना, खर्जातला, चाळीस वर्षांच्या ओळखीचा. अच्युतरावांचे डोळे आपोआप मिटले आणि मान डावीकडे कलली.

आत यशोधराबाईंच्या कानावर तो सूर गेला. त्यांचे डोळे भरून आले. कीर्तन सुरू झालं आणि देव तिरपा? त्या लगबगीने देवघरात गेल्या, हात जोडले आणि प्रभावळ सरळ केली.

अच्युतरावांनी डोळे उघडले तेव्हा बुवांचं तोंड उघडंच राहिलं होतं. सूर नव्हता. पडदा गोठला होता, आणि मग फुली.

ते तसेच खुर्चीत बसून राहिले. बसल्या जागी त्यांना दिसत होतं, बुवा थांबलेत, समोर कोणी नाही, सुनीता काहीतरी समजावते आहे आणि हात पगडीकडे जातो आहे. फोन लावावा तर सुनीताचा फोन तिवईवर. वाजवला तर गाणंच मोडेल, आणि सांगणार तरी काय?

तेवढ्यात दारात बंटी उभा राहिला. चाळिशीचा, सुटलेल्या पोटाचा, कमरेला पक्कड लावलेला.

"क्या काकाजी, पिछली ग्यारस को भी येई हुआ था नी? मैं आया दूसरे दिन, तो सब चकाचक. भिया, आपका नेट एकादशी का उपास रखता है क्या?" असं म्हणत तो सरळ देवघराकडे निघाला.

"थांबा तिथंच!" यशोधराबाई आडव्या आल्या. "आधी आंघोळ."

"आंटीजी, मैं सुबे नहाया था!"

"सुबेचं नाही चालत. आणि तुम्ही खात काय होते त्या दिवशी?"

बंटीने अच्युतरावांकडे पाहिलं. अच्युतरावांनी नुसता मोरीकडे हात केला. त्या हातात इतका थकवा होता की बंटीने मुकाट्याने पक्कड काढून ठेवली. पाचवी आंघोळ बंटीची झाली. पहिला तांब्या अंगावर पडला तेव्हा त्याने मारलेली हाक शेजारच्या गल्लीत ऐकू गेली. मग त्याला अच्युतरावांचं धोतर पुरेना, म्हणून यशोधराबाईंनी पलंगपोस दिला. तो नीट गुंडाळण्यात वेळ गेला. तार तपासण्यात वेळ गेला, जोड बदलण्यात गेला. सहा वाजून दहा मिनिटांनी देवघरातून बंटीचा कुडकुडता आवाज आला.

"काकाजी, ये पीतल की दीवार किसने खड़ी करी? मेरे को हाथ डालने की जगे नी मिल रई. इसको हटाऊँ क्या?"

"हळू," यशोधराबाई म्हणाल्या. "माहेरची आहे."

प्रभावळ पाटावर उतरली आणि बाहेर कॉम्प्युटर टिणटिणला. पूर्ण नेट. बंटीने प्रभावळ परत लावली, फुली. काढली, नेट. तीनदा करून दाखवलं. एकादशीलाच का, दुसऱ्या दिवशी का नाही, सगळं उलगडलं. यशोधराबाई खिचडीचा डाव हातात धरून उभ्या होत्या.

"म्हणजे मीच का?" त्या हळूच म्हणाल्या. "मी तर देवाला सरळ करून राहिले होते."

"जाऊ दे गं," अच्युतराव म्हणाले. "तुझं बरोबरच होतं." रागवायला अंगात बळ लागतं, आणि ते चौथ्या आंघोळीत वाहून गेलं होतं. खरं तर त्यांनी प्रभावळ तीनदा स्वतःच्या हाताने सरकवली होती आणि 'देव आहे फक्त' असं सांगणारेही तेच होते.

पण उपयोग काय? सहा वाजून गेले होते. बटणांचा फोन वाजला तेव्हा अच्युतरावांनी तो कानाला लावण्याआधी डोळे मिटून घेतले.

"काका, सुनीता बोलतेय. रागावणार नाही नं? मी एक गडबड केली."

"पगडी काढली का गं त्यांनी?"

"नाही हो! सव्वा तास गायले. पूर्वरंग, कथा, सगळं. मी तर बघतच राहिली." सुनीताचा आवाज खाली आला. "तुमचा चेहरा अटकला तेव्हाच मला समजलं, लाइन गेली. पण काका, तुम्ही असे छान दिसत होते, डोळे मिटलेले, मान अशी कललेली. बाबा पुढच्या ओळीला लागले होते. मी पटकन कॉम्प्युटरवरच त्या पडद्याचा फोटो घेतला आणि तोच पूर्ण पडद्यावर ठेवून दिला. बाबा तुमच्याकडे बघून गात राहिले. त्यांना काही कळलं नाही. त्यांना सांगू नका हं, प्लीज. आता म्हणतायत, पुढच्या एकादशीला परत."

अच्युतरावांनी फोन ठेवला आणि मनाशी हिशेब मांडला. आपण चाळीस वर्षांत पहिल्यांदा बुवांचं कीर्तन चुकवलं आणि त्याच कीर्तनात पूर्ण वेळ पहिल्या रांगेत बसलो होतो.

सात वाजता सुनीताने स्वतः न पाहताच, जसंच्या तसं पाठवलेलं ते गाणं कॉम्प्युटरवर आलं. बंटी खिचडीची ताटली घेऊन पलंगपोसातच बसला. यशोधराबाई चामड्याच्या खुर्चीजवळ, पण तिला न टेकता, पाटावर बसल्या. सव्वा तास तिघांनी ऐकलं. अच्युतरावांनी डोळे मिटले, मान हलवली.

शेवटी सुनीता आरतीचं तबक आणायला आत जाते. तिवईवरचा फोन तसाच चालू. बुवा एकटेच पडद्यासमोर. ते काठी टेकवत जवळ येतात, वाकतात आणि हलक्या आवाजात बोलू लागतात.

"अच्युता, तुझी मान चाळीस वर्षं अर्धी मात्रा मागे हलते. मी कधी बोललो नाही. आज ती हललीच नाही, तेव्हा दुसऱ्याच ओळीला कळलं मला, हा फोटो आहे म्हणून. थांबणार होतो. मग म्हटलं, जन्मभर मी गायलो कोणासमोर? गाभाऱ्यातला तो तरी कुठे मान हलवतो? ऐकतोय असं धरूनच गायचं असतं." बुवा दम घ्यायला थांबतात. "सुनीताला बोलू नकोस. तिला वाटतंय मला कळलं नाही. आणि ऊठ आता, डोकं पूस. केस ओले दिसतायत तुझे. सर्दी होईल."

अच्युतरावांना त्याच क्षणी शिंक आली.

यशोधराबाई उठल्या, टॉवेल आणला आणि त्यांचं डोकं खसाखसा पुसायला लागल्या. पुसता पुसता त्यांनी निर्णयही दिला, "देव हलणार नाही. डब्बा हलेल." दुसऱ्याच दिवशी, बंटीला सोवळ्यात न घालता, राउटर पुस्तकांच्या कपाटावर गेला. पूर्वाने कॉल बंद करताना काय लिहिलं ते कळलं नाही. पण पुढच्या एकादशीला पाच वाजता तिचा फोन आला, "काका, नेट चालू आहे ना? आणि मला त्यात कसं शिरायचं ते सांगा, मलाही ऐकायचंय."

तर अशी ही गोष्ट. कीर्तन संपलं की आपण बुवांचं नाव घेतो, देवाचं घेतो, पेटी-तबलेवाल्यांचंही घेतो. सुनीताचं कोणी घेत नाही. अच्युतरावांनी तिला बुवांचं गुपित सांगितलं नाही, बुवांना तिचं सांगितलं नाही. ती बिचारी अजून समजते, आपण म्हाताऱ्याला फसवलं, आणि दर एकादशीला देवापुढे त्याची क्षमा मागते. तुमच्या घरी कधी पडदा गोठला, समोरचं माणूस अर्ध्या शब्दात थांबलं, तर डब्ब्यावर चिडण्याआधी एवढं करा. घटकाभर गौतमपुऱ्याच्या त्या सुनेची आठवण काढा.